प्राचीच्या ऐच्छिक विषयाची फाइल

सोमवारी सकाळी प्राचीने एक छापील फॉर्म आणि टोपण काढलेलं पेन वडिलांच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, इथे खाली फक्त सही करा. बाकी मी भरते."

दिनानाथ आंगणे यांचा चमचा वाटेतच थांबला. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात ते आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते. "फक्त सही करा" म्हणत येणारी माणसं त्यांनी सत्तावीस वर्षं पाहिली होती आणि त्यांतल्या एकालाही पहिल्या फेरीत सही दिली नव्हती. आता पोटची मुलगी आली म्हणून पद्धत बदलण्याचं कारण नव्हतं.

"कसला फॉर्म?"

"ऐच्छिक विषयाचा. टीवायला एक विषय आपला आपण निवडायचा असतो. मी कॉम्प्युटर घेतेय."

"घेतेय? म्हणजे ठरलंसुद्धा?"

"बाबा, चाळीसच सीट्स आहेत. जो आधी फॉर्म देईल त्याला मिळणार. शुक्रवारी बारा वाजता खिडकी बंद. प्लीज."

प्राची नेरुळच्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला होती. मुख्य गट लेखा आणि वित्त. यंदा कॉलेजने आठ कॉम्प्युटर आणले होते, त्यांच्यासाठी एसी बसवला होता आणि त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. कॉलेजात इतका मान प्राचार्यांच्या केबिनलाही नव्हता. प्राची एकदा त्या खोलीत जाऊन आली होती. तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलं होतं की, पुढे बँका काय आणि शेअरवाले काय, सगळे याच यंत्रावर जाणार. हाताने ताळेबंद जुळवणाऱ्याला मग कोणी दारात उभं करणार नाही.

दिनानाथांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. मागच्या बाजूलाही वळवून पाहिला. मागे काही नव्हतं, पण पाहणं कर्तव्य होतं. पुढे सहा विषय छापले होते : संगणक प्रणाली, प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर, निर्यात विपणन, जाहिरात, पर्यटन, आणि खरेदी व भांडार व्यवस्थापन. त्याखाली 'निवडलेला विषय' असा रिकामा चौकोन आणि 'पालकाची सही' अशी रिकामी रेघ, तिच्यापुढे 'नाते' असा छोटा रकाना.

"सहा पर्याय आहेत," ते गंभीरपणे म्हणाले. "सहांपैकी पाच का नाकारले याची कारणमीमांसा कुठे आहे?"

"बाबा!"

"अहो, द्या की सही," चारुलताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "लग्न नाही ठरवत आहोत तिचं."

"लग्नाला तरी चार माणसांना विचारतात. हे तर आयुष्याचं आहे." दिनानाथांनी फॉर्मची घडी न घालता तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवला. "ऑफिसात लेखा शाखेतला केणी आहे. त्याचं मत घेतो. संध्याकाळी सही करून आणतो. तू चौकोनात काही लिहू नकोस, खाडाखोड होते."

"संध्याकाळी नक्की ना?"

"मी कधी वेळ चुकवलीय का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, ते खाली उतरले.

दिनानाथांचा हेतू निर्मळ होता. चूक घडली ती सवयीने. ऑफिसात पोचल्यावर त्यांना फॉर्म तसाच सुटा घेऊन केणीकडे जाणं जमेना. सुटा कागद त्यांच्या हातात राहत नसे. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली, फॉर्म टॅगला लावला, आणि वर अर्ध्या पानाची टिपणी लिहिली. 'विषय : कु. प्राची हिच्या ऐच्छिक विषयाबाबत. उपरोक्त विषयी सहा पर्याय उपलब्ध असून, लेखा शाखेचे अभिप्राय घेणे उचित वाटते.' सवयीने खाली 'सादर' लिहिलं. सवयीनेच आद्याक्षरं केली, तारीख घातली. केणी चहाला गेला होता, म्हणून फाइल त्याच्या टेबलावर ठेवून ते जागेवर येऊन बसले.

अरविंद केणीने चहाहून आल्यावर फाइल उघडली. टिपणी आहे, आद्याक्षरं आहेत, 'सादर' आहे. एखादा कागद आपल्याकडे का आला, हे त्या कार्यालयात कोणी विचारत नसे. तो इथून कुठे पाठवायचा एवढंच ठरवायचं असे. त्याने खाली लिहिलं, 'लेखा शाखेच्या मते कर हा विषय इष्ट. तथापि विधी शाखेचे अभिप्राय घेणे योग्य होईल.' आणि फाइल जावक ट्रेमध्ये टाकली. ट्रे रिकामा करणं हे शिपाई शहाजीचं काम. त्याने ती आवक-जावकच्या टेबलावर नेली, तिथे तिला क्रमांक पडला, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी प्राचीचा ऐच्छिक विषय सरकारजमा झाला.

दिनानाथ साडेतीनला केणीकडे गेले.

"काय रे, मत दिलंस?"

"दिलं की. विधीला पाठवली."

"विधीला? अरे, मला तुझं मत पाहिजे होतं!"

"मग तोंडी विचारायचं. लेखी विचारलंस, लेखी दिलं." केणी ड्रॉवरमध्ये सुपारी शोधत होता. "टेन्शन कशाला घेतोस? मागवून घे परत."

पण तेच करता येत नव्हतं. एकदा क्रमांक पडलेली फाइल कोणत्याही शाखेने मध्येच परत मागू नये, असं परिपत्रक चार वर्षांपूर्वी निघालं होतं आणि ते प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लावलेलं होतं. खाली सही होती दि. आंगणे यांची. ते परिपत्रक मोडणारा पहिला माणूस आपण व्हावं, हे दिनानाथांना शक्यच नव्हतं.

संध्याकाळी प्राची दारातच उभी होती.

"सही केलीत?"

"फाइल विधी शाखेत आहे."

"कसली फाइल? माझा फॉर्म कुठेय?"

"फाइलमध्ये."

प्राचीने आईकडे पाहिलं. आईने प्राचीकडे पाहिलं. दिनानाथांनी बूट काढताना समजावून सांगितलं की, कागद योग्य मार्गाने चालला आहे, योग्य मार्ग थोडा लांबचा असतो, आणि शुक्रवारला अजून चार दिवस आहेत. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती काहीतरी बोलणार होती, पण चारुलताबाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं आणि कुकरच्या शिट्ट्यांत मायलेकींचं बोलणं बाहेर काही ऐकू आलं नाही.

मंगळवारी विधी शाखेच्या राजलक्ष्मी मॅडमनी दिनानाथांना बोलावून घेतलं. फाइल त्यांच्यासमोर उघडी होती आणि त्यांनी फॉर्ममधल्या एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती.

"आंगणे, मला एक सांगा. विषय ऐच्छिक आहे, पण कोणाच्या इच्छेने? फॉर्ममध्ये स्पष्ट नाही."

"मॅडम, मुलीच्या."

"मग पालकाची सही कशाला? म्हणजे पालकाची इच्छा पण आली. आणि सीट चाळीसच, म्हणजे कॉलेजची इच्छा पण आली. तीन इच्छा झाल्या." मॅडमना अशा गोष्टींत मनापासून आनंद होई. "उद्या तिघांच्या इच्छा वेगळ्या निघाल्या तर कोणाची ग्राह्य धरायची? शासन निर्णय आहे का काही?"

"नसावा."

"तेच लिहिलंय मी. 'याबाबत शासन निर्णय आढळून येत नाही.' आता यात खरेदीचा एक विषय आहे, तर भांडार शाखेला विचारल्याशिवाय पुढे नको. मागाहून हरकत निघते. मी भांडारला मार्क केलीय."

दिनानाथ बाहेर आले तेव्हा शहाजी फाइल काखेत मारून जिना उतरताना दिसला. भांडार शाखा तळमजल्यावर होती. तिथे गेलेली फाइल वर यायला सरासरी दोन महिने लागतात, असा अनुभव होता.

त्या संध्याकाळी घरी मात्र वेगळंच दृश्य होतं. प्राची शांतपणे शेंगा सोलत बसली होती.

"आज कुठेय बाबा?"

"भांडार शाखेत," दिनानाथ चाचरत म्हणाले. "पण मी सोडवतो..."

"छान. घाई करू नका. नीट होऊ दे."

दिनानाथांना गहिवरून आलं. जेवताना ते चारुलताबाईंना म्हणाले, "बघितलंस? काल रडत होती. आज किती समजून घेतलंन! संस्कार म्हणतात ते हे." चारुलताबाईंना नेमकं तेव्हाच दूध उतू जात असल्याचं आठवलं आणि त्या उठून आत गेल्या. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

पण मुलीच्या या समजूतदारपणानेच दिनानाथांची झोप उडाली. तिने आपल्यावर इतका विश्वास टाकावा आणि आपण तिचा फॉर्म भांडार शाखेत कुजवावा? बुधवारी सकाळी त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी कपाटातून 'तातडीचे' असं छापलेली लाल चिठ्ठी काढली, तळमजल्यावर गेले आणि स्वतःच्या हाताने फाइलवर चिकटवली.

त्या कार्यालयात लाल चिठ्ठी वर्षातून दोनदाच निघायची, विधानसभेत प्रश्न आला तर. भांडार शाखेचे हौसेराव चिठ्ठी बघून खुर्चीतून अर्धे उठले. ते साताऱ्याकडचे. तीस वर्षं मुंबईकडे काढली, तरी त्यांच्या बोलण्यावरून साताऱ्यातला तालुका कोणता ते ओळखता येई.

"आंगणेसाहेब, वरनं काय आलंय काय?"

"वरनं काही नाही हो. शुक्रवारी बारापर्यंत पाहिजे, एवढंच."

"आलं ध्येनात." हौसेरावांनी डोळा बारीक केला. "आमी काय इचारत न्हाई. पर पोरीला एक सांगा. त्या कॉम्प्युटरचं काय खरं न्हाई. लाइट गेली की बसा गप. भांडाराचं तसं न्हाई. लाइट असू दे, न्हाय तर नसू दे, रजिस्टर हाय तितंच ऱ्हातंय."

"तुम्ही मत काहीही द्या, पण आज द्या."

"आज? आत्ता देतो!" आणि हौसेरावांनी दिनानाथांच्या डोळ्यांदेखत फाइलवर लिहिलं, 'खरेदी व भांडार हा विषय कायमस्वरूपी उपयोगाचा असल्याने त्याची शिफारस करण्यात येत आहे. मान्यतेस्तव साहेबांकडे सादर.' त्यांना लिहायला चार मिनिटं लागली. भांडार शाखेच्या इतिहासात असं झालं नव्हतं.

हीच बातमी तासाभरात तिन्ही मजल्यांवर पोचली. हौसेरावांनी चार मिनिटांत फाइल सोडली, म्हणजे दाब जबरदस्त असणार. कोण असेल? कोणी म्हणालं मंत्रालय. कोणी म्हणालं, त्याच्याही वरून. कॅन्टीनमध्ये केणी दिनानाथांच्या शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आंगण्या, छुपा रुस्तम निघालास. एवढ्या ओळखी आणि आम्हाला पत्ता नाही! मी कर लिहिलंय, ते मनावर घेऊ नकोस हां. पाहिजे तर बदलून देतो."

"अरे, कोणाची ओळख नाही. माझ्या मुलीचा कॉलेजचा फॉर्म आहे."

"हो हो, तेच म्हणतोय मी," केणी म्हणाला आणि त्याने आपल्या ताटातली जिलबी दिनानाथांच्या ताटात ठेवली.

गुरुवारी फाइल उपसंचालकसाहेबांकडे गेली. साहेब शुक्रवारी पहाटे नागपूरच्या दौऱ्यावर निघायचे होते आणि निघण्यापूर्वी त्यांना टेबल स्वच्छ करायचं होतं. ते फाइल वरून खाली वाचत नसत, खालून वर वाचत. शेवटचा अभिप्राय वाचून तो पटला की सही करत, आणि शेवटचा अभिप्राय त्यांना नेहमी पटे. त्यांच्या पीए वैष्णवी मॅडम फार टापटिपीच्या होत्या. साहेबांना शोधावं लागू नये म्हणून त्या जिथे जिथे रेघ रिकामी दिसेल तिथे 'सही' अशी पिवळी पट्टी लावत. त्यांनी शेवटच्या अभिप्रायाप्रमाणे चौकोनात सुरेख अक्षरात विषय लिहिला, रिकाम्या रेघेवर पट्टी लावली, आणि साहेबांची सही झाल्यावर त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का मारला.

शुक्रवारी पावणेअकराला शहाजीने फाइल दिनानाथांच्या टेबलावर ठेवली.

"घ्या साहेब. चार दिवसांत ग्राउंड फ्लोअरला जाऊन वर आली. माझ्या सर्व्हिसमध्ये पहिल्यांदा बघतोय."

दिनानाथांनी फाइल उघडली. निवडलेला विषय : खरेदी व भांडार व्यवस्थापन. पालकाची सही : उपसंचालकांची. शिक्का ठसठशीत.

प्राचीचा शांत चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. शेंगा सोलत "नीट होऊ दे" म्हणणारा. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. कॉम्प्युटर तर हातचा गेला. पण फॉर्मच गेला नाही तर विषयच नाही, आणि विषय नाही तर वर्ष नाही. भांडार तर भांडार. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तीही रीतसर, आणि रिक्षा पकडली.

कॉलेजच्या खिडकीपाशी ते पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. खिडकीमागे गोजराबाई बसल्या होत्या. जवळच्याच सारसोळे गावच्या. त्यांच्या घरची जमीन टाउनशिपमध्ये गेली तेव्हा प्रकल्पग्रस्त म्हणून त्यांना ही नोकरी मिळाली होती, आणि तेव्हापासून त्यांनी या खिडकीतून भल्याभल्या पालकांना माघारी पाठवलं होतं.

"अर्ज द्यायचा होता. ऐच्छिक विषयाचा."

गोजराबाईंनी फॉर्म घेतला, न वाचता त्यावर आवक शिक्का मारला, पोच फाडून दिली आणि मग रजिस्टर उघडलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"प्राची आंगणे? हिचा अर्ज त मंगलवारीच आलाय. कॉम्प्युटर. अडतिसावा नंबर."

"शक्य नाही. मूळ फॉर्म माझ्याकडे होता."

"डुप्लिकेट घेतलाय तिनं. ह्यो बघा अर्ज."

दिनानाथांनी खिडकीतून आलेला कागद वाचला. अक्षर प्राचीचं होतं. 'मूळ फॉर्म वडिलांच्या कार्यालयात विचाराधीन असल्याने तो वेळेत परत मिळण्याची शक्यता नाही. तरी दुसरी प्रत मिळावी, ही विनंती.' मसुदा निर्दोष होता. त्यांना स्वतःला त्यात एक शब्द बदलावासा वाटला नाही. त्यामागे फॉर्म होता. पालकाची सही : चारुलता आंगणे. नाते : आई. दिनांक मंगळवारचा.

खोकल्याचा आवाज, उतू जाणारं दूध, शेंगा, संस्कार, सगळं त्यांना एकदम समजलं. वाईट वाटायला हवं होतं, आणि तसं थोडं वाटलंही. पण त्याच्याआधी आणि त्याच्याहून जास्त हायसं वाटलं. पोरीला कॉम्प्युटर मिळाला होता.

"मग छानच झालं," ते म्हणाले. "हा माझा परत द्या."

"परत कसा देनार? शिक्का पडला." गोजराबाईंनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवलेला नियम बोटाने दाखवला. "एका पोराचे दोन अर्ज आले त मागून आलेला खरा. तुमची पोरगी आता भांडारला. पयली हाय, दुसरा कोनी आलाच नाय तिकडं."

"आणि कॉम्प्युटरची जागा?"

"सोला जन वेटिंगला हाईत. बारा वाजता त्यांतला पयला घेनार."

तेवढ्यात जिन्यावरून कोणीतरी धावत आलं. प्राचीने वडिलांना दुरून पाहिलं होतं. तिने खिडकीतला शिक्का मारलेला फॉर्म पाहिला, त्यावरचा गोल शिक्का पाहिला, चौकोनातलं सुरेख अक्षर वाचलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा! तुम्ही... तुम्ही वेळेत कसे आलात?"

"लाल चिठ्ठी लावली," दिनानाथ खालच्या आवाजात म्हणाले.

"आई म्हणाली होती, बाबांना त्यांची फाइल फिरवू दे, वाईट वाटेल त्यांना. वर्षभर तरी येत नाही परत. आम्हाला काय माहीत तुमची फाइल वेळेत होईल!" तिचा आवाज फुटला. "सत्तावीस वर्षांत एकदा झाली, ती नेमकी माझी!"

"अर्ज मागे घेतो म्हणून लिहून देतो," दिनानाथ खिडकीत वाकून म्हणाले.

"लिवा. पन त्याला प्राचार्यांची सही लागंल. ते सोमवारी येतील."

बाराला सतरा मिनिटं कमी होती. प्राची भिंतीला टेकून उभी राहिली. दिनानाथांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, खिशातून चष्मा काढला, पुसला आणि लावला. गेले चार दिवस ते धावत होते, जिने चढत-उतरत होते, मिनतवाऱ्या करत होते, आणि त्यातलं एकही काम त्यांच्या हातचं नव्हतं. आता पहिल्यांदा त्यांचा आवाज ऑफिसातल्यासारखा झाला.

"बाई, अर्ज स्वीकारण्याआधी तपासलात का?"

"म्हनजे?"

"पालकाच्या सहीपुढे काय छापलंय? 'नाते.' रकाना रिकामा आहे."

गोजराबाईंनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. "रिकामा हाय खरा. त्यात काय, लिवा ना आता. पेन देते."

"मी कसं लिहिणार? सही माझी नाही. ही सही आमच्या उपसंचालकांची आहे. ज्याची सही, त्यानेच नातं लिहायचं. दुसऱ्याने लिहिलं तर ती खाडाखोड होते, आणि खाडाखोड तुम्ही चालवून घेतली असं उद्या कोणी म्हटलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, मला नाही."

गोजराबाईंच्या कपाळावर आठी पडली. उत्तर द्यावं लागेल, हे शब्द त्यांनाही नवे नव्हते.

"मंग बोलवा त्यांना."

"नागपूरला गेलेत. बुधवारी येतील."

"आन नातं काय त्यांचं पोरीशी?"

"तेच तर. काहीच नाही." दिनानाथांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे पालक नसलेल्याची सही, नातं रिकामं, आणि गोल शिक्का अशा कार्यालयाचा, ज्याचा या कॉलेजशी संबंध नाही. अपूर्ण अर्ज हा अर्जच नसतो, बाई. तो मोजायचा कसा? आणि नाही मोजला, तर दोन अर्ज झाले कुठे?"

गोजराबाईंनी फॉर्म खाली ठेवला. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं. एका खिडकीने दुसऱ्या खिडकीला ओळखलं होतं.

"तुमी सवताच आनलाव, नि सवताच आडवताव?"

"मी कुठे अडवतोय? नियम अडवतोय."

"बरं. काय लिवू?"

"'त्रुटीपूर्ततेसाठी परत.' खाली आद्याक्षरं, तारीख, आणि वेळ. वेळ विसरू नका. अकरा वाजून त्रेपन्न मिनिटं."

गोजराबाईंनी लिहिलं, फॉर्म खिडकीतून बाहेर सरकवला आणि सरकवता सरकवता म्हणाल्या, "बारापर्यंत दुरुस्ती करून आना हां. बारानंतर घेनार नाय."

"प्रयत्न करतो," दिनानाथ म्हणाले, आणि तिथल्याच बाकावर बसून राहिले.

ती सात मिनिटं त्यांनी घड्याळाकडे बघत काढली. व्हरांड्यात वेटिंगचा एक मुलगा येरझाऱ्या घालत होता, तेवढाच आवाज. बारा वाजले. गोजराबाईंनी रजिस्टरमध्ये अडतिसाव्या नंबरासमोर बरोबरची खूण केली, चाळिसाव्या नावाखाली आडवी रेघ ओढली आणि खिडकीची फळी खाली पाडली.

दिनानाथ उठले. परत आलेला फॉर्म त्यांनी घडी न घालता फोल्डरमध्ये ठेवला.

"अर्ज नामंजूर झाला," ते म्हणाले.

प्राची भिंतीपासून पुढे आली. "कोणाचा?"

"आमचा."

क्षणभर तिला समजलं नाही. मग समजलं, आणि ती भर व्हरांड्यात लहानपणी मारायची तशी वडिलांना मिठी मारणार होती, पण ते आधीच जिन्याकडे वळले होते. दोन पायऱ्या उतरून ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "आणि घरी आईला तू काही सांगू नकोस. मी लेखी कळवतो."